लोखंडी हॉटेल

मे महिन्याच्या सुट्टीत आम्हां मुलांना मुंबईला मामांकडे धाडीत. मामा फोर्टात एका वकिलांकडे कारकून होते. त्यांचे ऑफिस काळ्या घोड्याजवळच्या एका जुनाट, अजस्र इमारतीत होते. लाकडी जिना करकरायचा, भिंतींवर वकिलांच्या पाट्यांची दाटी, वायरींची जाळी लोंबत असलेली, आणि प्लायवूडच्या आडोशाने पाडलेल्या चिमुकल्या खोल्या. मामा छत्रीच्या मुठीने एका खांबावर टकटक करीत आणि म्हणत, "ऐक. लाकूड नव्हे, दगड नव्हे. लोखंड आहे! सबंध हॉटेल विलायतेहून बोटीने आलंय."

मामांना थापा मारायची सवय होती. त्यामुळे ही गोष्टही मी त्याच खात्यात टाकली. पुढे कादंबरीसाठी जुन्या मुंबईची माहिती जमवू लागलो, तेव्हा कळले, की मामांची ही एक गोष्ट अक्षरशः खरी होती.

जॉन वॉटसन हा मुंबईत कापडाचा व्यापार करणारा इंग्रज. त्याला बांधायची होती ती कापडाची भव्य पेढी. रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनियराने आराखडा केला, ओतीव लोखंडाचे सुटे भाग इंग्लंडात तयार झाले, आणि १८६७ ते १८६९ या काळात ते येथे आणून एकमेकांना जोडले. या सांगाड्यात उघडले ते वॉटसन्स एस्प्लनेड हॉटेल. शंभरावर खोल्या, मध्ये काचेच्या छपराखाली नाचघर, वाढायला इंग्रज मुली! मार्क ट्वेन १८९६ साली येथे उतरला होता आणि मुंबईच्या कावळ्यांवर त्याने मनमुराद लिहिले. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली, तीही याच वास्तूत.

पण हॉटेलचा धंदा कापडासारखा नसतो. आज न खपलेले ठाण उद्या खपते. आज रिकामी राहिलेली खाट उद्या दोनदा विकता येत नाही. इमारतीत एकदा पैसा घातला की काम संपले, असे येथे नाही. रंग, नळ, चादरी, स्वयंपाकी, सारे रोज नवे लागते. मालकाचा पैसा आणि व्यवस्थापकाची नजर या दोन्ही गोष्टी रोज भेटाव्या लागतात.

याच सुमारास अपोलो बंदरावर जमशेटजी टाटा आपल्या पदरच्या पैशाने एक हॉटेल उभे करीत होते. वॉटसनमध्ये त्यांना गोरे नाहीत म्हणून प्रवेश नाकारला आणि त्या रागापोटी ताजमहाल निघाले, ही गोष्ट आपण सारे चवीने सांगतो. इतिहासाचे जाणकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवीत नाहीत. मला तर वाटते, अपमानापेक्षा मोठे कारण समोरच होते. १८९६च्या प्लेगाने मुंबई हबकली होती, आणि अशा शहराच्या भवितव्यावर कोणी धनिक पैसा लावतो, हीच खरी बातमी होती. आराखड्याचे काम सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांच्याकडे होते. वैद्यांचा १९००मध्येच मृत्यू झाला आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरे केले. एका मराठी माणसाने रेखाटलेली वास्तू म्हणून तरी वैद्यांचे नाव आपल्या पोरांना ठाऊक असावे!

१६ डिसेंबर १९०३ रोजी ताज उघडले तेव्हा पाहुणे अवघे सतरा होते. पाच महिन्यांनी, १९ मे १९०४ला जमशेटजी परदेशात वारले. मालक गेला, पण हॉटेल गेले नाही. कारण जमशेटजींच्या मागे इंडियन हॉटेल्स कंपनी होती. माणूस मरतो, कंपनीला मरण नसते, निदान माणसाइतके लवकर नसते. तीच कंपनी आजही ते हॉटेल चालविते.

वॉटसनचे नशीब तसे नव्हते. ताजपुढे त्याचे तेज फिके पडले, पुढे हॉटेलच बंद पडले आणि इमारतीचे तुकडे पाडून ते भाड्याने दिले गेले. मग आला १९४७चा भाडे नियंत्रणाचा कायदा. मौज अशी, की त्याच्या नावातच भाड्यांबरोबर हॉटेल व निवासगृहांचे दरही होते. भाडी १९४०च्या पातळीशी बांधली गेली. गरीब भाडेकऱ्याला छप्पर राहिले, हे खरे. पण ज्या पैशांत एक खांब रंगवता येत नाही, तेवढे भाडे घेऊन मालक दुरुस्ती का करील? आणि एवढ्या स्वस्त जागेतून भाडेकरू का हलेल? मामा म्हणत, आमच्या ऑफिसचे भाडे वकीलसाहेबांच्या चहाच्या बिलाहून कमी! इमारतीला मालक होता, शेकडो माणसे तिच्यात वावरत होती, पण तिची सांभाळणी करणारा कोणीच नव्हता. हॉटेलात तो व्यवस्थापक असतो. येथे त्याची खुर्चीच उरली नव्हती.

२००५ साली सज्जे कोसळले आणि एक माणूस दगावला. २००६च्या यादीत वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तिला जगातील शंभर धोक्यातल्या वास्तूंत स्थान दिले. ही मानाची जागा नव्हे, असो. पुन्हा पडझड झाली. अखेर २०१९ साली सारे भाडेकरू बाहेर काढण्यात आले, आणि ती पाडायची की सावरायची यावर वाद सुरू झाला.

त्या दिवसाचे वर्तमानपत्र घेऊन मी डोंबिवलीला मामांकडे गेलो. मामांनी ऐंशी ओलांडली होती. त्यांनी चष्मा लावून बातमी दोनदा वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "वकीलसाहेबांची पाटी पितळेची होती. कोणी काढून ठेवली असेल का रे?"