रतीब रोजचा, म्हैस मात्र रोजची नव्हे



सकाळी दारात हाळी येते, घरातली बाई पातेलं घेऊन बाहेर येते आणि ताजं दूध मापून घेते. याला आपण रतीब म्हणतो. हा शब्द मुळात अरबीतला. ठरवून, नेमाने द्यायचा वाटा, असा त्याचा अर्थ. म्हणजे रतिबात दुधाइतकाच नेम महत्त्वाचा.

तालुक्याच्या गावी घरोघर दूध घालावं, असं आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येतं. दर बरा मिळतो, पैसा हातात पडतो. पण अनेकांचा रतीब पहिल्याच उन्हाळ्यात मोडतो. का मोडतो? गिऱ्हाईक रोजचं असतं, म्हैस रोजची नसते.

म्हैस व्याली की नऊ-दहा महिने दूध देते, मग आटते. दोन वेतांत सव्वा ते दीड वर्षाचं अंतर पडतं. त्यातून आपल्याकडच्या बहुतेक म्हशी पावसाळा ते हिवाळा या काळात वितात. त्यामुळे हिवाळ्यात दुधाचा पुष्टकाळ आणि उन्हाळ्यात कृशकाळ. गावातल्या लेकराला मात्र वैशाखातही दूध लागतंच.

माझ्या लहानपणी आमच्या दारी सायकलवरून दूध येई. एका उन्हाळ्यात ते पातळ यायला लागलं. आई भांडली नाही. महिना भरला, तिने हिशेब चुकता केला आणि दुसऱ्या दिवसापासून पिशवीचं दूध सुरू केलं. तो माणूस लबाड नव्हता, असं आज मला वाटतं. त्याच्या म्हशी एकदम आटल्या असाव्यात आणि ठरलेल्या घरांचं माप तर भरायचं होतं. ती तूट पाण्याने भरली गेली.

ही अडचण जुनी आहे. ती कोणी कशी सोडवली, ते पाहू या.

पहिला मार्ग मुंबईच्या तबेल्यांचा. गुजरात-पंजाबकडच्या उत्तम दुभत्या म्हशी विकत आणून शहरात बांधायच्या आणि ताजं दूध घरोघर घालायचं. म्हैस आटली की तिला विकतची वैरण घालणं परवडत नसे, जागाही नसे. मग ती खाटकाकडे जाई आणि तिच्या जागी नवी ताजी म्हैस येई. पारडांची आबाळ होऊन ती मरत. रतीब अखंड चालला, पण गावात आणखी चार-पाच वेतं देऊ शकणारी जनावरं एकाच वेतानंतर संपली. खेड्यातलं चांगलं बीज शहरात जाऊन नष्ट झालं. हे थांबावं आणि शहरातली घाण हटावी, म्हणून दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली गोरेगावला सुमारे तीन हजार एकरांवर आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. तबेल्यांतल्या हजारो म्हशी तिथे हलवल्या. मुंबईकराला आरेचं दूध काचेच्या बाटलीत मिळू लागलं. बाटलीची जागा पुढे प्लॅस्टिकच्या पिशवीने घेतली.

दुसरा मार्ग खेडा जिल्ह्याचा. तो जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. १९४५ साली सरकारने तिथलं दूध मुंबईला आणण्याची योजना सुरू केली, पण खरेदीचा मक्ता एका खाजगी कंपनीकडे गेला आणि शेतकऱ्याच्या हाती फार थोडं पडू लागलं. सरदार वल्लभभाई पटेलांचा सल्ला असा, की स्वतःचा संघ काढा. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली. पंधरा दिवस शेतकऱ्यांनी दूध घातलं नाही. अखेर त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी १४ डिसेंबरला आणंदचा संघ नोंदवला गेला. आरंभी दोन गावांच्या संस्था आणि रोजचं दूध जेमतेम २५० लिटर. पण युक्ती मोठी होती. एकाची म्हैस आटली तरी शेजाऱ्याची दूध देत असते. अनेक घरं एकत्र आली की रतीब मोडत नाही, आणि म्हैस आपल्याच दावणीला राहते.

तिसरा मार्ग साठवणीचा. हिवाळ्यात आणंदला इतकं दूध येई की मुंबईची योजना ते सगळं घेईना. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असं बाहेरचे जाणकार सांगत. हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली आणंदला भुकटीचा कारखाना सुरू झाला. पुष्टकाळातलं दूध कृशकाळात कामी आलं. वर्गीस कुरियन, खुरोडी आणि त्रिभुवनदास या तिघांना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्याचा सहकारी दूध संघ निघाला. १९७० ते १९९६ या काळात दूध महापूर योजना चालली, आणि १९९८ साली भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला.

आता आपल्यापुरतं काय घ्यायचं? भुकटीचा कारखाना आपल्याला काढायचा नाही. पण पुढील गोष्टी आपल्या हातात आहेत.

१. रतिबाची घरं उन्हाळ्यातल्या दुधावर मोजा. हिवाळ्यातल्या भरल्या बादलीवर शब्द देऊ नका. वरकड दूध संस्थेला घाला किंवा त्याचं तूप-खवा करा. संस्था सोडू नका.

२. सगळ्या म्हशी एकदम वेणार नाहीत असं बघा. म्हैस सुमारे दहा महिने दहा दिवस गाभण राहते. म्हणजे एप्रिल-मेमध्ये भरलेली म्हैस फेब्रुवारी-मार्चमध्ये विते आणि उन्हाळाभर दूध देते. मात्र उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो, म्हणून रात्री उशिरा आणि पहाटे लक्ष ठेवा. सावली द्या, अंगावर पाणी घाला, हिरवी वैरण राखून ठेवा.

३. वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकच रतीब चालवा. एक जण दूध पोचवील, बाकीचे दूध देतील. प्रत्येकाचं माप रोज वहीत लिहा आणि ती वही सगळ्यांना पाहू द्या.

४. कास धुवून, कोरडी पुसून धार काढा. पहिल्या चार धारा वेगळ्या काढा. दूध स्वच्छ कपड्याने गाळा, किटली गार पाण्यात उभी करा आणि दोन-तीन तासांत दारात पोचवा. हे दूध कच्चं असतं, तेव्हा उकळूनच प्या असं गिऱ्हाइकाला सांगा.

५. घरोघर दूध विकणाऱ्याला अन्नसुरक्षा कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी लागते. ती करून घ्या.

आणि शेवटची गोष्ट. दूध कमी पडेल त्या दिवशी तसं सांगा. लिटरच्या जागी पाऊण लिटर द्या आणि पैसेही पाऊण लिटरचेच घ्या. बाई कुरकुर करील, पण रतीब बंद करणार नाही. पाणी घातलंत तर ती एक शब्द बोलणार नाही आणि महिनाअखेर हिशेब चुकता करील.

बाहेरगावची पिशवी दूरवरून येते. आपलं गाव तालुक्याच्या दारात आहे. ही सोय वाया घालवू नका. यंदाच्या दिवाळीत दूध भरपूर असेल, तेव्हाच पुढच्या वैशाखाचा हिशेब मांडा.