प्रागची यहुदी दफनभूमी

व्लतावा नदीकाठच्या प्राग शहरातील योसेफोव हा यहुद्यांचा प्राचीन मोहल्ला पाहावयास देशोदेशींचे प्रवासी येतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नगरसुधारणेच्या हुकमाने तेथील बहुतेक घरे जमीनदोस्त झाल्यामुळे, जुन्या गल्ल्या शोधणाऱ्यास श्रीमंती हवेल्याच दिसतात. खरा इतिहास उरला तो दफनभूमीत. 1439 सालच्या रब्बी व कवी अविग्दोर कारा याच्या शिळेपासून 1787 पर्यंत येथे दफने होत राहिली. आणि वस्तीची हद्द वाढेना, धर्माज्ञेने जुनी थडगीही उकरता येईनात, म्हणून मातीचा थरावर थर रचण्याचा परिपाठ पडून आज सुमारे 12,000 शिळा एकमेकींना रेटीत, कलंडत उभ्या आहेत. त्यांवरील चिन्हे निरखावीत: आशीर्वादाचे पंजे पुरोहितकुळाचे, झारी लेवी घराण्याची. 1609 मध्ये निवर्तलेल्या रब्बी लोव याच्या समाधीच्या फटींत भाविक चिठ्ठ्या खोचतात. त्याने मातीचा गोलेम, म्हणजे मंत्राने सजीव झालेला पुतळा, घडविल्याची कथा मात्र बरीच उत्तरकालीन, तरी बाजार तिचाच अधिक! शेजारच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे 78,000 बोहेमियन व मोराव्हियन यहुद्यांची नावे आहेत. साम्यवादी अमदानीत, 1968 नंतर, ते स्मारक वर्षानुवर्षे बंद राहिले, नावे नाहीशी झाली, व 1990 नंतरच्या दशकात ती पुन्हा हाताने लिहावी लागली.