मुथी: झाड आणि औषध, शब्द एकच

आजचा शब्द दक्षिण आफ्रिकेतला आहे: मुथी. तिथल्या इंग्रजीत तो 'मुटी' म्हणून रुळलाय. डोकेदुखीची साधी गोळी घेतली तरी लोक गमतीनं 'मुटी घेतली' म्हणतात.

मूळ झुलू शब्द 'उमुथी'. त्याचे दोन तुकडे करा. 'उमु' हा उपसर्ग, 'थी' हे मूळ. अनेकवचनात शब्दाचं शेपूट नाही, डोकं बदलतं: 'इमिथी'. आणि अर्थ? झाड. आणि औषधसुद्धा!

हे मूळ फक्त झुलूचं नाही, अख्ख्या बांटू भाषाकुळाचं आहे. स्वाहिलीत 'म्ती' म्हणजे झाड. औषधासाठी मात्र स्वाहिलीनं अरबीतून 'दावा' घेतला. आपल्या दवाखान्यातला 'दवा' तो हाच. झुलूनं दोन्ही अर्थ एकाच शब्दात ठेवले. आपण 'झाडपाल्याचं औषध' म्हणतो ना, त्याच्या जवळचं. फक्त मुथीत प्राणिज आणि खनिज पदार्थही येतात.

मग या शब्दाची भीती कुठून आली? 1891 मध्ये नाताळच्या वसाहतीत कायदा झाला. झाडपाला देणाऱ्या 'इन्यांगा' वैद्यांना परवाने मिळाले, पण पूर्वजांना विचारून आजाराचं कारण सांगणारे 'सांगोमा' बेकायदा ठरले. पुढे अवयवांसाठी झालेल्या खुनांना वर्तमानपत्रं 'मुटी मर्डर' म्हणू लागली. असे गुन्हे खरे आहेत आणि भयंकरच आहेत. पण खोकल्याच्या काढ्याचा शब्द बाहेरच्यांच्या कानाला जादूटोण्याचा वाटायला लागला, तो असा. पारंपरिक वैद्यांना मान्यता देणारा कायदा यायला 2007 उजाडलं.

आज डर्बनच्या वॉरविक आणि जोहान्सबर्गच्या फॅराडे बाजारात साली, मुळ्या, कंद ढिगानं विकायला असतात. त्यात 'इसिभाहा' नावाच्या झाडाची तिखट साल असते, सर्दी-खोकल्यावरची. मागणी इतकी, की हे झाड जंगलातून नाहीसं होत चाललंय. कारण साधं आहे: खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली की झाडाचं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि ते मरतं. म्हणून डर्बनच्या सिल्व्हरग्लेन नर्सरीत औषधी झाडं मुद्दाम वाढवली जातात.

मुथीचा अर्थ विचारला तर 'औषध' एवढंच सांगून थांबू नका. त्यातलं झाड गेलं, तर औषधही जाणार. झुलूत दोघांना एकच शब्द चालतो, मंडळी!

भेटू पुढच्या भागात, नवा शब्द घेऊन.