आधी आवाज, मग भिंत

आमच्या कोयना खोऱ्यात जुनी माणसं भूकंपाची गोष्ट हादऱ्यापासून सुरू करत नाहीत, आवाजापासून करतात. "आधी भुई गुरगुरली, मग भिंत आली," आजी म्हणायची. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटं. गुरगुर आणि भिंत यांच्यामध्ये किती वेळ गेला, असं मी खोदून विचारायचो. "आरं, पोराला ऊठ म्हनाय तोंड उघडलं, तवर आलीच की." ते पोर म्हणजे माझे वडील.

पुढे भूभौतिकी शिकलो, तेव्हा या वाक्याचं मोल कळलं. भूकंपातून दोन प्रकारच्या लहरी एकदमच निघतात. दाबाची लहर सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावते. तिचाच काही अंश हवेत शिरून कानांवर येतो. घरं पाडणारी आडवी लहर मागून येते, साडेतीन किलोमीटरच्या वेगानं. दोघींमध्ये एका सेकंदाचं अंतर पडलं, तर उगम साधारण आठ किलोमीटरवर. आजीच्या हाताशी घड्याळ नव्हतं, पण अर्धवट राहिलेली ती हाक होती. उगम जवळ होता आणि उथळही होता. कोयनेचे बहुतेक धक्के दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवरून येतात, असं यंत्रंही सांगतात.

चुलत आजोबांची गोष्ट निराळी. त्यांनी रानात पडलेली भेग पाहिली होती. "सरळ न्हवती. एक तुकडा संपायचा, जरा बाजूला सरकून दुसरा सुरू व्हायचा," असं म्हणत ते काठीनं अंगणात तिरक्या रेघा ओढून दाखवायचे. संरचनात्मक भूशास्त्राच्या पुस्तकात नेमकी तीच आकृती आहे. जमिनीखालचे दोन भाग वरखाली न होता एकमेकांना घासून आडवे सरकले, की वर अशा पायऱ्यापायऱ्यांच्या भेगा पडतात. दोणीचावाड्याजवळून उत्तर-ईशान्येकडे गेलेल्या त्या भेगांवरून आणि भूकंपाच्या नोंदींवरून हालचालही ठरली: एका बाजूला उभं राहिलं, तर समोरची बाजू डावीकडे सरकलेली.

हे घडलं कशात, हा खरा प्रश्न. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक आडवे थर. घाटात ते इतके सपाट दिसतात, की खाली काही मोडलेलं असेल असं वाटत नाही. भेगाळलेल्या भुईवर जाड सारवण करावं, तसं ते आहे. गोठणे इथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइसचा पाया, अडीच अब्ज वर्षांहून जुना. त्या पायातले जुने भ्रंश आधीपासूनच ताणलेले होते. १९६२ च्या सुमारास कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागला, पाण्याचा दाब फटींतून खोल पोचला आणि भ्रंशाला धरून ठेवणारं घर्षण कमी झालं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. "धरान भरलं आन् भुई बोलाय लागली," हे आजी कोणताही शोधनिबंध न वाचता म्हणत होती. ६.३ तीव्रतेच्या त्या धक्क्यात सुमारे १८० माणसं गेली. दक्षिणेत वारणेचं धरण भरल्यावर धक्के तिकडेही पसरले, आणि ते आजही थांबलेले नाहीत.

त्या रात्री जाणती असलेली माणसं आता पंच्याहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. १९६७ मध्ये या खोऱ्यात यंत्रं मोजकीच होती. घरं मात्र शेकडो होती, आणि प्रत्येक घर आपापल्या परीनं हललं. म्हणून गावी गेलो की मी नुसतं "तेव्हा काय झालं?" असं विचारत नाही. आवाज कुठल्या अंगानं आला? कुठली भिंत आधी पडली, आणि आत की बाहेर? फडताळातली भांडी कुठल्या बाजूला सांडली? झऱ्याचं पाणी वाढलं, आटलं की गढूळ झालं? उत्तरं लिहून घेतो आणि घराची जागा नकाशावर टिंबानं दाखवतो. पाटण तालुक्यात ज्यांचे आजी-आजोबा अजून आहेत, त्यांनीही हे प्रश्न याच दिवाळीत विचारावेत.