पतधोरणाची संहिता आणि बाजाराचे वाचन

व्याजदर वाढला की शेअरबाजार कोसळतो आणि घटला की उसळतो, ही समजूत वृत्तपत्रांच्या मथळ्यांनी रुजवलेली आहे. ती निराधार नाही. समभागाची किंमत म्हणजे त्यापासून पुढे मिळणाऱ्या उत्पन्नाचे आजचे मोल. दर चढला की ते मोल उतरते, शिवाय उद्योगांचे कर्जही महागते. परंतु गेल्या तीन दशकांचा इतिहास पाहता बाजार दरापेक्षा अपेक्षाभंगाला प्रतिसाद देतो, असे दिसते. बेन बर्नान्की आणि केनेथ कटनर यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पाव टक्क्याच्या अनपेक्षित दरकपातीने अमेरिकी निर्देशांक सुमारे एक टक्का वर जातात. अपेक्षित कपातीची मात्र ते फारशी दखल घेत नाहीत. हान्स रॉबर्ट याउस यांची ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पना परिचित असलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अभ्यासक नव्हे; हे साधर्म्य कुठवर टिकते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

१९९४ पूर्वी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हची दरनिश्चिती समिती आपला निर्णय त्याच दिवशी जाहीर करीत नसे. न्यूयॉर्क येथील तिचे कार्यालय सरकारी रोख्यांची जी खरेदी-विक्री करी, तीवरून दलालांनी निर्णय ताडायचा. म्हणजे संहिता नव्हती, फक्त कृती होती. आणि तिचा अर्थ लावणारा एक व्यवसायच उभा राहिला होता. ४ फेब्रुवारी १९९४ रोजी अध्यक्ष अॅलन ग्रीनस्पॅन यांच्या नावाने एक छोटेसे निवेदन प्रसृत झाले. १९८९ नंतरची ही पहिलीच दरवाढ असल्याने गैरसमज टाळण्यासाठी निर्णय तत्काळ कळवीत आहोत, असा त्याचा आशय होता. गंमत अशी, की दर ३ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर नेल्याचा आकडा त्यात नव्हताच. अल्पमुदतीच्या दरांत किंचित वाढ अपेक्षित आहे, एवढेच म्हटले होते. त्या दिवशी डाउ जोन्स निर्देशांक ९६ अंशांनी, म्हणजे २.४ टक्क्यांनी घसरला. पाव टक्क्याच्या वाढीत एवढे बळ नव्हते. ही पहिली वाढ आहे आणि पुढे आणखी येणार, हे वाचकांनी ओळखले, आणि ते खरेही ठरले.

२०१३ चे उदाहरण याहून बोलके आहे. २२ मे रोजी बर्नान्की, जे तोवर स्वतःच फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष झालेले होते, अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देत होते. त्यांच्या लिखित निवेदनाचा सूर आश्वासक होता व बाजार प्रथम वर गेला. पण प्रश्नोत्तरांत, रोखेखरेदी पुढील काही बैठकांत कमी करता येईल असे ते म्हणाले आणि बाजार फिरला. लिखिताहून मौखिकाला अधिक वजन मिळाले. पुढे १८ डिसेंबरला ती खरेदी कमी करण्याचा निर्णय प्रत्यक्षात झाला, तेव्हा डाउ जोन्स २९० हून अधिक अंशांनी वधारला. चाहूल लागली तेव्हा घसरण, घटना घडली तेव्हा उसळी! अनिश्चितता संपली होती, आणि व्याजदर दीर्घकाळ अल्प ठेवण्याचे आश्वासन सोबत आले होते.

मधल्या सात महिन्यांत जे घडले, ते तौलनिक अभ्यासकाने दुर्लक्षू नये. ते वाक्य भारताला उद्देशून नव्हते. तरीही डॉलरचा दर ५५ रुपयांच्या आसपास होता तो २८ ऑगस्टला ६८ च्या पलीकडे गेला. परकीय गुंतवणूकदार भारतीय रोखे विकून बाहेर पडत होते. रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १५ जुलै रोजी बँकांना तातडीने दिल्या जाणाऱ्या निधीचा दर १०.२५ टक्क्यांवर नेला. वॉशिंग्टनमधील एका उत्तराने मुंबईतले पतधोरण बदलले, आणि आयात इंधनाची किंमत तर ज्यांनी ते वाक्य कधी ऐकलेही नाही, त्यांनी मोजली. १८ सप्टेंबरला अमेरिकेने अपेक्षेविरुद्ध खरेदी कायम ठेवली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सेन्सेक्स ६८४ अंशांनी चढला. २० तारखेला नवे गव्हर्नर रघुराम राजन यांनी, तितक्याच अनपेक्षितपणे, रेपो दर पाव टक्क्याने वाढविला आणि तो पुन्हा उतरला.

याउस यांच्या वाचकाशी असलेले साधर्म्य येथे तुटते. साहित्यकृतीचा कर्ता वाचकाच्या प्रतिक्रियेने सहसा आपली प्रसिद्ध कृती बदलत नाही. मध्यवर्ती बँक मात्र बाजाराचे वाचन पुन्हा वाचते व पुढचे निवेदन त्यानुसार लिहिते. म्हणूनच तिची वाक्ये दिवसेंदिवस अधिक सावध, अधिक पुनरुक्त होत गेली असावीत. एखादे विशेषण गळाले की ती बातमी होते.

विशेषण टिकले, तरी ते वाचले जाईलच असे नाही. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने नियोजित वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो दर ०.४० टक्क्यांनी वाढवून ४.४० टक्के केला. निवेदनात धोरणाची भूमिका ‘उदार’च असल्याचे, उदारता मागे घेण्याकडे लक्ष देत, नमूद होते. सेन्सेक्स त्या दिवशी १,३०७ अंशांनी घसरला.