आलेल्या फोनचे पैसे कोणी द्यायचे?

१/ कामथडी हे पुणे-सातारा महामार्गावरील, भोर तालुक्यातील गाव. अशा गावातून पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या माणसाला घरून मोबाईलवर फोन आला, तर एकेकाळी तो घेण्याचे पैसे त्यालाच मोजावे लागत. असे का होते?

२/ ३१ जुलै १९९५. ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना फोन केला आणि भारतात मोबाईल सेवा सुरू झाली. तेव्हा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत जात. आलेल्या फोनलाही आकार पडे.

३/ युरोपात पैसे फोन करणारा देई. तेथे मोबाईल क्रमांकांची सुरुवातच निराळी असल्याने महागडा फोन आधीच ओळखू येई. अमेरिकेत मोबाईललाही स्थानिक दूरध्वनीसारखेच क्रमांक मिळाले. करणाऱ्याला फरक कळत नसल्याने भार घेणाऱ्यावर पडला.

४/ भारतात क्रमांक निराळे असूनही भार घेणाऱ्यावरच होता. कारण घरगुती दूरध्वनीवरून आलेल्या फोनच्या उत्पन्नातील वाटा मोबाईल कंपनीला मिळत नसे. १९९९ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केलेला बदल दिल्ली उच्च न्यायालयात टिकला नाही. अखेर १ मे २००३ रोजी, नेमक्या महाराष्ट्रदिनी, नवी रचना लागू झाली आणि येणारे फोन मोफत झाले.

५/ ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्यालाही आता हाक ऐकू येऊ लागली. ‘मिस्ड कॉल’ ही गरिबाची तार ठरली : पोचलो, निघालो, तूच फोन कर.

६/ मात्र ही सवलत आपल्या सर्कलपुरतीच होती. गोव्यासह उर्वरित महाराष्ट्र हे एक सर्कल, तर मुंबई दुसरे. त्यामुळे कामथडीचा मोबाईल पणजीत घरचा आणि मुंबईत पाहुणा! रोमिंगमध्ये येणाऱ्या फोनचे पैसे पुढेही अनेक वर्षे पडत राहिले.

७/ युरोपीय संघाने सदस्य देशांमधील रोमिंगचा जादा आकार १५ जून २०१७ रोजी रद्द केला. भारतात २०१६ च्या दरयुद्धानंतर तो प्रश्न जवळजवळ मिटला.

८/ पण २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. मुदत संपली की येणारे फोनही कालांतराने बंद. मिनिटाचा आकार गेला, महिन्याचा आला. जगातील स्वस्त सेवांमध्ये भारताची गणना होते. तरीही केवळ हाक ऐकण्यासाठी फोन बाळगणाऱ्या वृद्धाला तिची किंमत पुन्हा मोजावी लागते.