खाडा, खातं आणि टीटीएमएम

मुंबईतल्या खाणावळीत महिन्याचा हिशेब व्हायचा तेव्हा आधी खाडे मोजले जात. ठरलेला दर सगळ्यांना सारखाच असे, पण गडी शिमग्याला किंवा गणपतीला गावी गेला तर तेवढ्या जेवणांचे पैसे वजा व्हायचे. त्यासाठी आधी सांगून जावं लागे. न सांगता दांडी मारली तर अन्न शिजलेलं असायचं, म्हणून तो खाडा धरला जात नसे. गावाकडचा पाहुणा सोबत जेवायला बसला, तर त्याचं ताट यजमानाच्या नावावर चढायचं. दोन भाकऱ्या खाणारा आणि पाच खाणारा मात्र बहुतेक ठिकाणी एकच रक्कम भरत. भुकेचा हिशेब नाही आणि गैरहजेरीचा चोख हिशेब, असा हा रिवाज. चार मित्र हॉटेलात बसून बिलाची वाटणी करतात तेव्हा जे प्रश्न पडतात, त्यातले बरेचसे खाणावळीच्या वहीत फार पूर्वीच सुटलेले दिसतात.

या वहीमागे गिरण्या होत्या. कावसजी दावर यांनी 1854 साली कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची रांगच उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून पुरुष आले, बायकामुलं गावीच राहिली. चाळीतल्या एकेका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा गडी राहत. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकजण कामावर निघाला की त्याच्या जागी दुसरा आडवा व्हायचा. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. भाडं डोईप्रमाणे वाटून घेतलेलं. ज्यांना चूल मांडणं शक्य नव्हतं ते शेजारच्या खोलीत एखाद्या बाईकडे जेवायला जात, किंवा तिचा डबा थेट गिरणीच्या दारात येई.

पगार महिन्यातून एकदाच व्हायचा, तोही काम केल्यानंतर बऱ्याच उशिरानं. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यानं हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांना पगारासाठी सात दिवसांची आणि मोठ्या कारखान्यांना दहा दिवसांची मुदत घालून दिली. त्यामुळे नियम पाळला तरी पहिल्या तारखेचं जेवण पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत उधारीवर राहायचं. ही उधारी कोणाच्या अंगावर? खाणावळवालीच्या. वाण्याकडून तांदूळ-डाळ उचलायची, सावकाराकडून भारी व्याजानं पैसे काढायचे, अडचणीच्या महिन्यात अंगावरचं किडूकमिडूक गहाण टाकायचं आणि चाळीस-चाळीस माणसांना दोन वेळा वाढायचं. एका अर्थी या बायका गिरणगावाला बिनव्याजी कर्ज पुरवत होत्या आणि स्वतः मात्र व्याज भरत होत्या. वाटणीच्या सगळ्या चोख हिशेबात हा एक भाग कधीच वाटला गेला नाही.

1973-74 च्या गिरणी संपात हे उघड दिसलं. पगार थांबले, पण ताटं थांबली नाहीत. त्या वेळी कामगार चळवळीत असलेल्या प्रेमा पुरव यांच्या नजरेत ही गोष्ट भरली. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या या कार्यकर्तीनं 1975 मध्ये खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकांत अल्प उत्पन्न गटासाठी चार टक्के व्याजाची योजना 1972 पासून होती, पण तारण नसलेल्या बाईला तिथं उभं कोण करणार? बायकांनी गट केले, एकमेकींची हमी घेतली आणि बँकेचं कर्ज मिळवलं. कष्टकऱ्यांच्या जेवणाच्या इतिहासात या घटनेला मोठं स्थान मिळायला हवं. आजही तिचा उल्लेख महिला बचतीच्या संदर्भात होतो. खाण्याच्या संदर्भात क्वचितच. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर मात्र गडी गावी परतले, अनेक वह्यांतली बाकी तशीच राहिली आणि कित्येक खाणावळी बंद पडल्या.

पुण्यात गिरण्यांची जागा शाळा-कॉलेजांनी घेतली होती. बाहेरगावचे विद्यार्थी एकत्र बिऱ्हाड करत, स्वयंपाकी ठेवत आणि महिनाअखेर शिधा, सरपण, पगार यांची बेरीज करून डोक्यांनी भागत. ज्यांना तेवढा वाटाही झेपत नव्हता, ते सात घरी सात वार लावून जेवत किंवा माधुकरी मागत. 1909 मध्ये सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाची, सुरुवात अशाच माधुकरीवर झाली. ज्याच्या खिशात काहीच नाही त्याचं काय करायचं, याचं उत्तर तेव्हा असं गावानं मिळून दिलं होतं.

वाटणी सोपी जायला नाणीही हाताशी होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या 192 पै. तिघांत रुपया वाटला तर प्रत्येकी पाच आणे चार पै, सहांत वाटला तर दोन आणे आठ पै. शिल्लक काहीच नाही. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी घोकलेल्या पिढीला हा भागाकार तोंडी येई. पै व्यवहारातून गेल्यावर हा चोखपणा उणावला आणि 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले तेव्हा पुरता संपला. शंभराचे तीन सारखे भाग होत नाहीत, एक पैसा उरतोच.

हॉटेलांनीही आपापल्या परीनं हा प्रश्न सोडवला. इराण्याकडे टेबलावर खारी, केक, बनची बशी न मागता येई. उठताना वेटर बशीत काय उरलं ते पाही आणि जे कमी झालं तेवढ्याचेच पैसे गल्ल्यावर ओरडून सांगे. कोणी काय खाल्लं हे मित्रांनी आपसांत ठरवायचं. मुंबईच्या फोर्टातल्या ब्रिटानियात (1923) किंवा पुण्याच्या डेक्कनवरच्या गुडलकमध्ये (1935) एका चहावर तास काढणाऱ्यांच्या टोळक्यांत हा हिशेब रोजचा. माटुंग्यात 1942 मध्ये सुरू झालेल्या रामा नायक यांच्या उडुपीत कूपनची पद्धत आहे. जेवणाआधीच ज्यानं त्यानं आपलं कूपन घ्यायचं, मग केळीच्या पानावर बसायचं. बिलावरून घासाघीस होण्याची जागाच उरत नाही.

कॉलेजांच्या कट्ट्यावर यालाच टीटीएमएम म्हणतात. तुझं तू, माझं मी. 2017 मध्ये याच नावाचा मराठी चित्रपट आला, इतकं ते रुळलं आहे. जुन्या पिढीला हे कोरडं वाटतं, कारण ‘आज माझ्याकडून’ म्हणत एकानं पैसे देणं आणि पुढच्या वेळी दुसऱ्यानं देणं, हा त्यांचा हिशेब. पण त्या पद्धतीत ज्याचा पगार कमी त्याला पुढच्या पाळीची धास्ती असते आणि तो हळूहळू येणंच बंद करतो. टीटीएमएमनं ही धास्ती घालवली. मुलींच्या बाबतीत तर त्याचं मोल आणखी मोठं. आपला वाटा आपण भरणाऱ्या मुलीवर कोणाचे उपकार राहत नाहीत, आणि कोणाला तसा दावाही करता येत नाही.

2016 पासून यूपीआयमुळे सुट्ट्यांचा प्रश्न मिटला आणि वाटा अगदी पैशापर्यंत चुकता करता येऊ लागला. वादाची जागा मात्र दुसरीकडे सरकली. दहा जणांच्या टेबलावर चौघं पिणारे, तिघं शाकाहारी, एकजण नुसतं सूप घेणारा, आणि शेवटी कोणीतरी म्हणतो, ‘भागिले दहा’. अशा वेळी बिल नीट वाचावं. जेवणावर साधारणपणे पाच टक्के जीएसटी असतो. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि महाराष्ट्रात बारमधला हा व्हॅट नोव्हेंबर 2023 पासून दहा टक्के झाला. त्यामुळे दारूची रक्कम आणि तिचा कर बहुधा वेगळा छापलेला असतो. ती बेरीज पिणाऱ्यांत वाटायची आणि उरलेली सगळ्यांत. सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये सांगितलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. तेव्हा वाटणीला बसण्याआधी ती ओळ काढून घ्यावी, आणि वेटरला काही द्यायचं असेल तर ते ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे वेगळं ठेवावं.